'द लॉन्ड्रोमॅट' बघून पनामा पेपर्स कळत नाहीत, म्हणून हा लेख

स्टीव्हन सोडरबर्गसारखा दिग्दर्शक, मेरिल स्ट्रीप, गॅरी ओल्डमन, अँटोनिओ बँडेरास अशी नटमंडळी आणि हाताशी पनामा पेपर्सचं, म्हणजे मोसॅक फोन्सेका या पनामातल्या वकिली कंपनीतून फुटून २०१६मध्ये जगासमोर आलेल्या कागदपत्रांचं प्रकरण. इतकं सगळं जुळून आल्यावर सिनेमा फसायला नको होता. 'द लॉन्ड्रोमॅट' फसला. सप्टेंबर २०१९मध्ये तो व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला, १८ ऑक्टोबरला नेटफ्लिक्सवर आला. दीड तास बघून उठल्यावर मनात राहतो तो एकच प्रश्न: घोटाळा मोठा होता हे कळलं, पण या लोकांनी नेमकं केलं काय?

असा प्रश्न पडणाऱ्या प्रेक्षकाच्या डोक्यात काही कमी नाही. विषय किचकट आहे आणि तो आम्ही हसतखेळत सांगू, असं म्हणूनच सिनेमा सुरू होतो. मग थोड्या थोड्या वेळाने तो नवी गोष्ट उघडतो, नवी माणसं आणतो, आधीची अर्ध्यावर टाकतो. पैसा कुठून निघाला, वाटेत कुठे थांबला आणि शेवटी कुणाच्या खिशात पडला, असा एकही प्रवास तो अखेरपर्यंत दाखवत नाही. एक प्रवास जरी नीट बघितला असता तरी बाकीचं प्रकरण आपोआप उलगडलं असतं. तेच इथे करून बघू, सिनेमातल्याच प्रसंगांच्या आधाराने.

सुरुवात एका खऱ्या अपघाताने होते. २ ऑक्टोबर २००५ या दिवशी न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्ज तलावात 'ईथन ॲलन' नावाची सहलीची बोट उलटली. बोटीवर ४७ प्रवासी होते, बहुतेक सगळे निवृत्त, पानगळीचे रंग बघायला आलेले. त्यातले २० गेले. चौकशीत जे निघालं ते चीड आणणारं होतं. बोटीत किती माणसं घ्यायची याचा हिशेब माणशी १४० पौंड, म्हणजे साधारण ६३ किलो, या जुन्या काळच्या सरासरीवर चालला होता. वरचं कापडी छत काढून लाकडी बसवल्यामुळे बोट डोक्याकडून जड झाली होती. तपास करणाऱ्यांच्या मते तिच्यावर १४च प्रवासी असायला हवे होते.

त्यावर कडी म्हणजे, भरपाईची वेळ आली तेव्हा बोटवाल्यांचा विमा फसवा निघाला.

सिनेमातली एलन (मेरिल स्ट्रीप) काल्पनिक आहे. तिचा नवरा या अपघातात दगावतो. भरपाईच्या पैशातून लास वेगासला एक फ्लॅट घ्यायचा तिचा बेत असतो. दोघांची पहिली भेट जिथे झाली ती जागा त्या फ्लॅटच्या खिडकीतून दिसते. तिला कळतं की बोटवाल्यांनी स्वस्तातला विमा घेतला होता, तो धोका कागदोपत्री नेव्हिस या कॅरिबियन बेटावरच्या एका पुनर्विमा कंपनीकडे गेला होता, आणि ती कंपनी म्हणजे एक टपालपेटी आहे.

इथे सिनेमा घाई करतो, आपण जरा थांबू. पुनर्विमा हा मुळात सरळ धंदा आहे. विमा कंपनीला एकटीला पेलणार नाही असा धोका ती दुसऱ्या, मोठ्या कंपनीला वाटून देते आणि हप्त्यातला काही भाग तिला देते. मुंबईत मुख्यालय असलेली जीआयसी री वर्षानुवर्षं हेच काम करते. आता या रचनेत मोठ्या कंपनीच्या जागी फक्त नाव असलेली कंपनी बसवा. हप्ते खरे जमा होत राहतात. पॉलिसीवर शिक्का असतो, नोंदणी क्रमांक असतो, सही असते, सगळं तपासलं तर बरोबर भरतं. दावा येईपर्यंत कुणाला संशय यायचं कारणच नाही. ही कंपनी खोटी आहे असंही म्हणता येत नाही, कारण नोंदणीच्या दफ्तरात ती आहेच. तिच्या आत पैसे, माणसं, कामकाज यातलं काही नाही एवढंच.

पनामा पेपर्स म्हणजे अशा लाखो कंपन्यांची कुंडली.

एक बिल, दोन कंपन्या

कागदी कंपनी, म्हणजे इंग्रजी वळणाने शेल कंपनी, ही संकल्पना सिनेमात मोसॅक आणि फोन्सेका झालेले ओल्डमन आणि बँडेरास चकचकीत सूट घालून, हातात कॉकटेल घेऊन समजावतात. वस्तुविनिमयापासून सुरुवात करून पैसा, मग कर्ज, मग कंपनी असा सगळा मानवी इतिहास ते काही मिनिटांत उरकतात. ऐकायला छान वाटतं, हाती काही लागत नाही. त्यापेक्षा एक साधं उदाहरण घेऊ. उदाहरण माझं, पण पद्धत जुनी आणि आयात-निर्यातीतल्या प्रत्येकाला माहीत असलेली.

समजा नाशिकच्या एका कारखानदाराला जर्मनीहून एक यंत्र आणायचंय. किंमत १ कोटी रुपये. तो थेट न घेता मध्ये ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स या कॅरिबियन बेटांवरची एक कंपनी घालतो. ती कंपनी जर्मन कारखान्याकडून यंत्र १ कोटीला घेते आणि नाशिकला दीड कोटीचं बिल लावते. यंत्र जहाजातून सरळ न्हावा-शेव्याला येतं, त्या बेटाचं तोंडही बघत नाही. बेटावर फक्त बिल जाऊन येतं.

आता काय झालं बघा. दीड कोटी बँकेतून रीतसर बाहेर गेले, आयातीचे कागद जोडून, नियमात बसवून. त्यातले ५० लाख मधल्या कंपनीच्या खात्यात राहिले; खातं बेटावरही नाही, सिंगापूरला. इकडे कारखान्याच्या हिशेबात यंत्राची किंमत दीड कोटी लागली, त्यामुळे घसारा (यंत्राच्या झिजेपोटी दरवर्षी नफ्यातून वजा होणारी रक्कम) जास्त, नफा कमी, कर कमी. सीमाशुल्क थोडं जास्त भरावं लागलं, ते परवडतं. आणि बँकेने यंत्रासाठी कर्ज दिलं असेल तर तेही दीड कोटीच्या हिशेबाने दिलं. म्हणजे बाहेर गेलेल्या ५० लाखांत करदात्याचे पैसे आहेत तसेच बँकेच्या ठेवीदारांचेही आहेत. उद्या कारखाना बुडाला तर बँकेच्या वह्यांत थकीत कर्ज दिसेल. सिंगापूरच्या खात्यातली रक्कम जागच्या जागी असेल.

पण ती मधली कंपनी नाशिककराचीच आहे हे आयकरवाल्यांना कळणार नाही का? तिथेच मोसॅक फोन्सेकासारख्या कंपन्यांचं खरं काम सुरू होतं.

नोंदणीच्या कागदावर संचालक म्हणून पनामातली एक बाई असते. तिला यंत्र, नाशिक, जर्मनी यातलं काही माहीत नाही. तिचं काम सही करणं. अशी एकेक व्यक्ती हजारो कंपन्यांची संचालक असायची. शेअर दुसऱ्या एका कंपनीच्या नावावर असतात, ती कंपनी तिसऱ्या देशातली. त्या कंपनीच्या वर पनामातलं एखादं फाउंडेशन, म्हणजे कागदावर तरी कुणाच्याच मालकीची नसलेली संस्था. आपल्या कारखानदाराकडे काय असतं? एक मुखत्यारपत्र, म्हणजे त्या बाईने सही केलेला 'माझ्या वतीने सगळं हे गृहस्थ बघतील' असा कागद. तो बहुधा घरच्या कपाटात. आयकर अधिकाऱ्याने एका देशाला पत्र पाठवलं तर उत्तर म्हणून त्याला दुसऱ्या देशाचा पत्ता मिळतो. तिथे पाठवलं तर तिसऱ्याचा. प्रत्येक टप्प्यावर महिने जातात आणि प्रत्येक देशाला आपला गोपनीयतेचा कायदा असतो.

पैसा परत आणायचा तर त्यालाही वाट आहे. बेटावरची कंपनी मॉरिशसच्या एखाद्या फंडामार्फत नाशिकच्या कारखान्यात 'परकीय गुंतवणूक' करते. मॉरिशस म्हटलं की आपल्याला तिथली मराठी मंडळी आठवतात, पण दलाल स्ट्रीटवर त्या बेटाची ओळख निराळी होती. १९८०च्या दशकातल्या करारामुळे तिथून आलेल्या गुंतवणुकीवरच्या नफ्याला भारतात कर नव्हता. भारतात येणाऱ्या थेट परकीय गुंतवणुकीत हे चिमुकलं बेट वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकावर असायचं, त्याचं मोठं कारण हे. यातला सगळा पैसा वाकडा नव्हता; खऱ्या परदेशी गुंतवणूकदारांनाही सवलत हवीच होती. करार २०१६मध्ये बदलला आणि १ एप्रिल २०१७पासून घेतलेल्या शेअरना कर लागू झाला.

असा एक प्रवास सिनेमात असता तर काम झालं असतं. लेक जॉर्जच्या विम्याच्या हप्त्याचे पैसे एका एका खात्यातून जाताना दाखवता आले असते. गोष्ट हाताशी होती, सोडून दिली.

कारखाना

यूर्गन मोसॅक जन्माने जर्मन, वकील. त्याने १९७७मध्ये पनामात ऑफिस थाटलं. रमोन फोन्सेका पनामाचाच. वकील, राजकारणी आणि कादंबरीकारही, देशातला मोठा साहित्य पुरस्कार मिळालेला. १९८६मध्ये दोघे एकत्र आले. फुटलेल्या कागदपत्रांत त्यांनी काढून दिलेल्या २ लाख १४ हजारांवर कंपन्या आणि संस्था सापडल्या. निम्म्याहून जास्त एकट्या ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समध्ये. ग्राहक थेट फारसे यायचे नाहीत. बँका, वकील, हिशेबनीस यांच्यामार्फत यायचे. असे मध्यस्थ १४ हजारांच्या वर होते, त्यात जगातल्या नावाजलेल्या ५००हून जास्त बँका. सिनेमात या बँका जवळजवळ दिसतच नाहीत. सगळा खेळ दोन विदूषकांनी मांडला होता असं वाटतं, आणि ते चूक आहे.

फोन्सेका मुलाखतींत म्हणायचा की आम्ही मोटारींचा कारखाना आहोत. गाडी विकली, पुढे कुणी तिच्यातून दरोडा घातला तर आमचा काय दोष? उपमा चतुर आहे. फक्त या कारखान्यात जादा पैसे दिले की नंबरप्लेटही बदलून मिळायची. फुटलेल्या ईमेलमध्ये मागच्या तारखेचे कागद बनवून देण्याचा दर सापडतो: जितके महिने मागे जायचं तितके, महिन्याला ८.७५ डॉलर. अमेरिकेतल्या एका बाईला बँक खात्याची मालकी लपवायची होती, तर तिच्याऐवजी मालक म्हणून उभं राहायला ब्रिटनमधला एक ९० वर्षांचा म्हातारा पुरवण्यात आला. सेशल्समधल्या १४,०८६ कंपन्यांपैकी किती कंपन्यांचे खरे मालक आपल्याला माहीत आहेत, हे २०१५मध्ये मोसॅक फोन्सेकाने स्वतःच तपासलं. आकडा आला २०४.

निऊएची गोष्ट तर सिनेमावाल्यांनी कशी सोडली हे मला कळत नाही. पॅसिफिकमधला हा देश दोन हजार माणसांचाही नाही. मोसॅक फोन्सेकाने १९९४मध्ये त्याला परदेशी कंपन्यांच्या नोंदणीचा कायदा लिहायला मदत केली आणि बदल्यात वीस वर्षांची मक्तेदारी घेतली. जाहिरात अशी की कंपनीचं नाव चिनी किंवा रशियन लिपीतही नोंदवता येईल. २००१पर्यंत परिस्थिती अशी की निऊए सरकारच्या वर्षाच्या जेमतेम २० लाख डॉलरच्या अंदाजपत्रकातले १६ लाख या धंद्यातून येत होते. मग अमेरिकेतल्या मोठ्या बँकांनी निऊएशी डॉलरचे व्यवहार थांबवले आणि मोसॅक फोन्सेकाने गाशा गुंडाळून सामोआ गाठलं. विनोदी सिनेमाला याहून चांगला ऐवज कुठे मिळणार? एक वकिली ऑफिस देश भाड्याने घेतं आणि पटलं नाही की शेजारचा घेतं.

चार्ल्सचे दोन लिफाफे

सिनेमातला सगळ्यात बरा भाग लॉस एंजेलिसमधल्या चार्ल्सचा. आफ्रिकेतून आलेला हा श्रीमंत गृहस्थ आपल्या मुलीच्या मैत्रिणीबरोबर पकडला जातो. तोंड बंद ठेवण्यासाठी तो मुलीला एका कंपनीचे शेअर देऊ करतो, किंमत म्हणे २ कोटी डॉलर. बायकोलाही असंच काहीतरी. दोघी पनामाला जातात तेव्हा हातात रद्दी आहे हे कळतं.

हे समजायला बेअरर शेअर म्हणजे काय ते माहीत हवं. साध्या शेअरवर मालकाचं नाव असतं आणि कंपनीच्या नोंदवहीतही ते असतं. बेअरर शेअरवर नाव नसतं. कागद ज्याच्या हातात तो मालक. नोटेसारखंच. मालकी हस्तांतरित करायला ना नोंदणी लागते ना मुद्रांक, टेबलावरून कागद सरकवला की झालं. काळा पैसा लपवणाऱ्याला हे फार सोयीचं, कारण चौकशी आली तर 'मी मालक नाही' असं शपथेवर सांगता येतं: त्या क्षणी कागद मेव्हण्याच्या तिजोरीत असतो. ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सने २००५मध्ये यावर निर्बंध आणले तेव्हा असे ग्राहक पनामाकडे वळले. भारतात कंपनी कायद्याने असे शेअर चालत नाहीत.

चार्ल्सची चलाखी निराळी आहे. शेअर त्याने खरेच दिले. पण कंपनीतला पैसा त्याआधी किंवा त्यानंतर बाहेर काढणं त्याच्याच हातात होतं, कारण खात्यावर सही त्याची. कंपनीची मालकी आणि कंपनीच्या खात्यावरचा ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा या सगळ्या प्रकरणाचा गाभा, आणि सिनेमात तो एकदाच नीट येतो, तोही कौटुंबिक भांडणाच्या आवाजात अर्धा बुडून.

यानंतर चीनचं प्रकरण येतं. गू काय्लाय ही बड्या नेत्याची बायको, फ्रान्समधला तिचा बंगला एका कागदी कंपनीच्या नावावर, आणि त्या व्यवहारात गुंतलेल्या नील हेवूड या ब्रिटिश माणसाचा नोव्हेंबर २०११मध्ये चाँगचिंगच्या हॉटेलात विष देऊन झालेला खून. खरी घटना, नट चांगले. पण बाकीच्या सिनेमाशी तिचा सांधा जुळत नाही आणि एलन तोवर विसरायला झालेली असते.

विनोद कुठे बिनसला

सोडरबर्गला विनोदी गुन्हेकथा जमत नाही असं म्हणायची सोय नाही. त्याने आणि याच लेखकाने, स्कॉट बर्न्सने, दहा वर्षं आधी 'द इन्फॉर्मंट!' केला होता. आर्चर डॅनियल्स मिडलंड या अमेरिकी कंपनीने परदेशी स्पर्धकांशी संगनमत करून पशुखाद्यात लागणाऱ्या लायसिनचे भाव ठरवले होते, त्याची ती कथा. विषय याहून रुक्ष. पण तिथे कॅमेरा मार्क व्हिटकर या एकाच माणसाच्या मागे राहतो. तो एफबीआयला आपल्या कंपनीच्या बैठका चोरून टेप करून देतो आणि त्याच वेळी कंपनीचेच लाखो डॉलर स्वतः उडवत असतो. प्रेक्षक त्याच्यावर हसतो, मग हळूहळू त्याला कळतं की आपणही फसलोय. भाव कसे ठरतात हे त्या ओघात न शिकवता कळतं.

'द लॉन्ड्रोमॅट'मध्ये हसवायचं काम आरोपींकडे आहे. ओल्डमनचा जर्मन उच्चार आणि बँडेरासचा रुबाब यांत आपण इतके रमतो की ते कुणाचं नुकसान करतायत हे डोक्यातून जातं. फसवली गेलेली बाई रडवेली, फसवणारे झकास. मग सहानुभूती जायची तिकडेच जाते. त्यात स्ट्रीपला दुसरी भूमिका दिली आहे, पनामातल्या ऑफिसात कागदांवर सह्या करणाऱ्या एलेनाची. नकली नाक, जाड अंग, लॅटिन उच्चार. लोकांनी यावर टीका केली ती योग्यच होती. शेवटी हा मेकअप उतरवून स्ट्रीप थेट कॅमेऱ्याकडे बघत भाषण करते आणि हातात केस विंचरायचा ब्रश धरून स्वातंत्र्यदेवतेसारखी उभी राहते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये शोभलं असतं.

खऱ्या मोसॅक आणि फोन्सेकाने सिनेमा थांबवावा म्हणून नेटफ्लिक्सवर अमेरिकेत दावा लावला. त्यांचं म्हणणं, आमची बदनामी होतेय आणि आमच्यावरच्या खटल्यांवर परिणाम होईल. प्रदर्शन थांबलं नाही. मला विचाराल तर या सिनेमाने त्यांचं फार काही बिघडवलं नाही, उलट जरा लोभसच करून सोडलं.

कागद फुटल्यावर

म्युनिकच्या 'झ्युडडॉयचे त्सायटुंग' या दैनिकातल्या बास्टियन ओबरमायरला 'जॉन डो' या नावाने एकाने माहिती देऊ केली. तो कोण हे आजही जाहीर नाही. १ कोटी १५ लाख कागदपत्रं, २.६ टेराबाइट. एका दैनिकाच्या आवाक्याबाहेरचं काम म्हणून आंतरराष्ट्रीय शोधपत्रकारांच्या संघटनेला सोबत घेतलं, जगभरची शंभराहून अधिक माध्यमं जोडली गेली, सगळ्यांनी गुपित राखलं आणि ३ एप्रिल २०१६ला एकाच वेळी बातमी फोडली. भारतात हे काम 'इंडियन एक्स्प्रेस'ने केलं. कागदांत सुमारे ५०० भारतीयांची नावं होती.

नाव असणं म्हणजे गुन्हा नव्हे, हे सिनेमा पुरेसं सांगत नाही. भारतीय माणसाला रिझर्व्ह बँकेच्या योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते, तिथे शेअर घेता येतात. अट एवढीच की पैसा कर भरलेला हवा आणि विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या रकान्यात तो दिसला पाहिजे. लपवला तर २०१५च्या काळा पैसा कायद्याने ३० टक्के कर, त्यावर तिप्पट दंड आणि तुरुंगही. गुन्हा कंपनी काढण्यात नाही, ती आपली असून आपली नाही असं सांगण्यात आहे.

बातमीनंतर आइसलँडच्या पंतप्रधानाला दोन दिवसांत पायउतार व्हावं लागलं. पाकिस्तानात नवाझ शरीफ यांची चौकशी लागली आणि जुलै २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अपात्र ठरवलं. कारण मात्र या कागदांमुळे चर्चेत आलेले कुटुंबाचे लंडनचे फ्लॅट नव्हते, दुबईच्या एका कंपनीतला न घेतलेला आणि जाहीर न केलेला पगार. माल्टात या कागदांवरून मंत्र्यांच्या मागे लागलेल्या डॅफ्नी कारुआना गॅलिझिया या पत्रकार बाईंना १६ ऑक्टोबर २०१७ला गाडीत बॉम्ब ठेवून मारलं. मोसॅक फोन्सेका मार्च २०१८मध्ये बंद पडली.

भारत सरकारने बातमीच्या दुसऱ्याच दिवशी वेगवेगळ्या यंत्रणांचा एक गट नेमला. २०२१च्या अखेरीस संसदेत आकडे दिले गेले: पनामा आणि त्यानंतर तसेच फुटलेले पॅराडाइज पेपर्स मिळून २०,३५३ कोटी रुपयांच्या अघोषित रकमा सापडल्या आणि तोवर वसूल झालेला कर १५३.८८ कोटी. सापडलेली सगळी रक्कम म्हणजे कर नव्हे आणि अपिलांत वर्षं जातात हे धरलं, तरी या दोन आकड्यांमधलं अंतर बघून ठेवण्यासारखं आहे.

आणि पनामातला खटला? तो एप्रिल २०२४मध्ये उभा राहिला. निकालाआधीच, मे महिन्यात फोन्सेका वारला. २८ जूनला न्यायाधीशांनी मोसॅकसह २८ जणांना निर्दोष सोडलं. कंपनीच्या सर्व्हरमधून मिळवलेला डेटा कुणाकडून कुणाकडे गेला याची साखळी नीट राखली नव्हती, त्यामुळे तो अस्सल आहे याची खात्री देता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. आयुष्यभर कागदांच्या जोरावर धंदा केलेला माणूस कागदांतल्याच त्रुटीवर सुटला. अमेरिकेत मात्र या कंपनीच्या एका ग्राहकाला २०२०मध्ये चार वर्षांची कैद झाली आणि त्याच्या हिशेबनिसालाही तुरुंगात जावं लागलं.

सिनेमाची एक गोष्ट मात्र काळाने खरी ठरवली. शेवटाकडे तो म्हणतो की बेटांकडे बोट कशाला दाखवता, अशाच कंपन्या काढू देणारं डेलावेअर हे राज्य अमेरिकेच्या घरातच आहे. आणि या सिनेमाच्या दिग्दर्शकाच्याही तिथे पाच कंपन्या आहेत. अमेरिकेने २०२१मध्ये कायदा करून प्रत्येक छोट्या कंपनीला खऱ्या मालकाचं नाव सरकारला कळवणं सक्तीचं केलं, २०२४मध्ये तो लागू झाला, आणि मार्च २०२५मध्ये देशांतर्गत कंपन्यांना त्यातून मोकळं केलं. युरोपात नोंदी सगळ्यांना खुल्या असण्यालाच नोव्हेंबर २०२२मध्ये तिथल्या न्यायालयाने खासगीपणाच्या मुद्द्यावर हरकत घेतली. आपल्याकडे २०१८च्या नियमांनी १० टक्के किंवा त्याहून जास्त अप्रत्यक्ष हिस्सा असलेल्याला स्वतःचं नाव कंपनीला कळवावं लागतं, पण वरची कंपनी बेटावरची असली की ते नाव खरं की उभं केलेलं हे कंपनी निबंधकांनी ठरवायचं कसं, तो प्रश्न राहतोच.

तरीही बघायचाच असेल तर पहिली वीस मिनिटं आणि चार्ल्सचं प्रकरण बघा. चीन पुढे ढकललंत तरी चालेल, आणि भाषणापर्यंत थांबायची गरज नाही. त्यापेक्षा ज्या पुस्तकावरून सिनेमा घेतला ते जेक बर्नस्टीनचं 'सीक्रसी वर्ल्ड' मिळालं तर वाचा.